व्होल्ट गुणिले अँपिअर आणि वॉटमीटर यांचा हिशेब का जुळत नाही?

प्रश्न : नवशिका५०

एका लहान सिंगल फेज मोटरवर मी काही मोजमापे घेतली. त्यातून झालेला गोंधळ जरा सविस्तर मांडतो. पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झचा आहे. मोटर मोकळी, म्हणजे शाफ्टवर कोणताही भार न लावता फिरत असताना अ‍ॅमीटर २.० अँपिअर दाखवतो. शक्ती म्हणजे व्होल्टेज गुणिले प्रवाह, हे शाळेपासून घोकलेले सूत्र लावले तर उत्तर ४६० वॉट यायला हवे. पण त्याच तारांवर जोडलेला वॉटमीटर मात्र १६१ वॉटच दाखवतो.

मीटर बिघडले असतील म्हणून मोटर काढून तिच्या जागी एक साधा हीटर लावून पाहिला. त्यानेही नेमका २.० अँपिअर प्रवाह घेतला आणि वॉटमीटरने अगदी ४६० वॉट दाखवले. म्हणजे व्होल्टेज तेच, प्रवाह तोच आणि मीटरही तेच असताना एका उपकरणाला ४६० वॉट जातात आणि दुसऱ्याला १६१.

पुढे शाफ्टवर भार लावला, तेव्हा कोडे आणखी वाढले. प्रवाह २.० वरून ३.० अँपिअर झाला, म्हणजे दीडपट. वॉटमीटर मात्र १६१ वरून ४८३ वर गेला, म्हणजे तिप्पट.

पुस्तकात शक्तीचे तीन प्रकार दिले आहेत : अ‍ॅक्टिव्ह, रिअ‍ॅक्टिव्ह आणि अ‍ॅपरंट, म्हणजे अनुक्रमे सक्रिय, प्रतिक्रियात्मक आणि आभासी शक्ती. त्यांची सूत्रे मला पाठ आहेत, पण अर्थ लागत नाही. ४६० मधून १६१ वजा केले तर २९९ उरतात. पुस्तकातले वर्गमुळाचे सूत्र वापरले तर रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर ४३१ येते. मग या दोनांतला खरा आकडा कोणता? ही शक्ती वाया जाते का? आणि एकाच तारेतून तीन वेगवेगळ्या शक्ती वाहतात, अशी कल्पना करायची का?

उत्तर : तारतम्य

तुमचे मीटर उत्तम स्थितीत आहेत आणि हीटर लावून पाहण्याची युक्ती योग्यच होती. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचा गुंता त्यातूनच निर्माण झाला आहे. तारेतून तीन शक्ती वाहत नाहीत. कोणत्याही क्षणी तारेवर एकच व्होल्टेज असते, एकच प्रवाह असतो आणि त्या दोहोंचा एकच गुणाकार असतो. तो गुणाकार म्हणजे त्या क्षणाची शक्ती. ही क्षणाक्षणाला बदलणारी राशी तीन वेगवेगळ्या प्रश्नांसाठी तीन वेगवेगळ्या प्रकारे मोजली जाते आणि त्या मोजणीच्या तीन पद्धतींना आपण शक्तीचे तीन प्रकार म्हणतो.

शक्ती म्हणजे ऊर्जा किती झपाट्याने इकडून तिकडे जात आहे त्याचे माप. सेकंदाला एक ज्यूल म्हणजे एक वॉट. बोलताना आपण शक्ती, ऊर्जा आणि बल हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, पण इथे तसे करून चालणार नाही. बॅटरीवर चालणाऱ्या सर्किटमध्ये व्होल्टेज आणि प्रवाह दोन्ही स्थिर असल्यामुळे त्यांचा गुणाकारही स्थिर राहतो आणि शाळेतले सूत्र कोणतीही तक्रार न करता चालते. एसी पुरवठ्यात मात्र व्होल्टेज सेकंदाला ५० वेळा पूर्ण आवर्तन करते. तुमचा मीटर ज्याला २३० म्हणतो ते प्रत्यक्षात एका टोकाला सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढते, शून्यावर येते, उलट दिशेने तितकेच जाते आणि परत येते. २३० हे त्या चढउताराचे आरएमएस मूल्य आहे, म्हणजे हीटरमध्ये तितकीच उष्णता देणाऱ्या स्थिर व्होल्टेजएवढे. प्रवाहाचेही तसेच. म्हणून तुम्ही २३० आणि २.० यांचा गुणाकार करता तेव्हा दोन आरएमएस मूल्यांना गुणत असता. ती दोन्ही शिखरावर एकाच वेळी पोहोचतात की मागेपुढे, ही माहिती त्या गुणाकारात कुठेच नसते.

हीटरमध्ये ती एकाच वेळी पोहोचतात. व्होल्टेज धन असताना प्रवाहही धन, ऋण असताना प्रवाहही ऋण; त्यामुळे गुणाकार कधीच शून्याखाली जात नाही. तो सेकंदाला १०० वेळा शून्य ते ९२० वॉट असा हेलकावत राहतो आणि त्याची सरासरी ४६० वॉट भरते.

आता हीटरच्या जागी तारेचे निव्वळ एक वेटोळे आहे आणि त्याला रोध मुळीच नाही, असे समजा. त्यातला प्रवाह व्होल्टेजच्या पाव आवर्तन मागे, म्हणजे ५० हर्ट्‌झवर ५ मिलिसेकंद मागे असतो. प्रवाह वाढत असताना वेटोळ्याभोवती चुंबकीय क्षेत्र उभे राहते आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा पुरवठ्याकडून येते. पुढच्या ५ मिलिसेकंदांत प्रवाह उतरतो, क्षेत्र मावळते आणि तीच ऊर्जा जशीच्या तशी पुरवठ्याकडे परत जाते. घेतलेले आणि दिलेले सारखेच असल्यामुळे सरासरी शून्य. पण तारेतून प्रवाह मात्र खराखुरा वाहत असतो आणि अ‍ॅमीटर तो दाखवतोही.

तुमची मोटर या दोन टोकांच्या मध्ये आहे. १६१ भागिले ४६० म्हणजे ०.३५, हा मोकळ्या मोटरचा पॉवर फॅक्टर. ज्या कोनाचा कोसाइन ०.३५ आहे तो सुमारे ६९.५ अंशांचा, आणि ५० हर्ट्‌झवर तो म्हणजे सुमारे ३.९ मिलिसेकंद. याचा अर्थ असा की प्रत्येक अर्ध्या आवर्तनाच्या १० मिलिसेकंदांपैकी ३.९ मिलिसेकंद व्होल्टेज आणि प्रवाह यांची चिन्हे परस्परविरुद्ध असतात आणि तेवढा वेळ तुमची मोटर पुरवठ्याला ऊर्जा परत करत असते. वॉटमीटर घेणे आणि देणे दोन्ही जमेस धरून सरासरी काढतो, म्हणून तो १६१ दाखवतो. ही सरासरी म्हणजेच सक्रिय शक्ती. मोकळ्या मोटरमध्ये ती गुंडाळीची आणि गाभ्याची उष्णता, बेअरिंगचे घर्षण आणि हवा ढवळणे यांत खर्च होते. ती परत येत नाही.

आता २९९ की ४३१, हा वाद. प्रवाहाचे मनातल्या मनात दोन भाग करा. पहिला भाग व्होल्टेजच्या पावलावर पाऊल टाकून चालणारा : १६१ भागिले २३०, म्हणजे ०.७० अँपिअर. दुसरा भाग बरोबर पाव आवर्तन मागे राहणारा : १.८७ अँपिअर. पहिला भाग शिखरावर असतो तेव्हा दुसरा शून्यावर असतो आणि दुसरा शिखरावर असतो तेव्हा पहिला शून्यावर. ज्या दोन लहरींपैकी एकीचे शिखर नेमके दुसरीच्या शून्यावर येते त्यांची आरएमएस मूल्ये साधी बेरीज करून मिळत नाहीत, त्यांच्या वर्गांची बेरीज करावी लागते : ०.४९ अधिक ३.५१ बरोबर ४.००, आणि त्याचे वर्गमूळ तुमचे २.० अँपिअर. दुसऱ्या भागाला २३० ने गुणले की ४३१ येतात. त्यांना वॉट न म्हणता व्हीएआर (व्होल्ट-अँपिअर रिअ‍ॅक्टिव्ह) म्हणतात, ते अशासाठी की कोणी चुकून ते वॉटमध्ये मिळवू नयेत. तुमच्या २९९ ला काहीही भौतिक अर्थ नाही. ती केवळ एक वजाबाकी आहे.

हीच विभागणी भार लावलेल्या मोटरला लावून पाहा, म्हणजे दीडपट आणि तिप्पट यांचे कोडे आपोआप सुटेल. ४८३ भागिले २३० म्हणजे २.१० अँपिअर हा बरोबरीने चालणारा भाग. मागे राहणारा भाग २.१४ अँपिअर. बरोबरीचा भाग ०.७० वरून २.१०, म्हणजे नेमका तिप्पट झाला, कारण शाफ्टवर प्रत्यक्ष काम निघू लागले. मागे राहणारा भाग मात्र १.८७ वरून जेमतेम २.१४ झाला, कारण मोटरमधले चुंबकीय क्षेत्र व्होल्टेजवर ठरते, भारावर फारसे ठरत नाही. ते क्षेत्र मोटर मोकळी असो वा भारित, सांभाळावेच लागते. कमी भारावर चालणाऱ्या मोटरचा पॉवर फॅक्टर वाईट असतो, तो एवढ्याचसाठी.

राहिली ती ४६० ही संख्या. तिला व्होल्ट-अँपिअर म्हणतात आणि ती अ‍ॅपरंट पॉवर. ती किती काम झाले ते सांगत नाही. तार, स्विच, ट्रान्सफॉर्मर यांच्यावर किती बोजा पडला ते सांगते. ट्रान्सफॉर्मरच्या तांब्यातील उष्णता प्रवाहाच्या वर्गावर ठरते आणि लोखंडातील उष्णता व्होल्टेजवर. त्या दोहोंना पॉवर फॅक्टरशी कर्तव्य नसते. म्हणून ट्रान्सफॉर्मरच्या पाटीवर किलोवॉट नव्हे तर केव्हीए (किलोव्होल्ट-अँपिअर) कोरलेले असतात.

रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर वाया जाते का, याचे उत्तर : ती स्वतः वाया जात नाही, कारण ती परत येते. पण तिच्या ये-जा करण्यासाठी जो प्रवाह वाहतो तो तारा तापवतो आणि ती उष्णता परत येत नाही. ती उष्णता सक्रिय शक्तीच्या खात्यात जाते.

उत्तर : शून्यरेषा

वरील विवेचन नेमके आहे. त्यात थोडी भर घालतो.

पहिली गोष्ट, फेसाळलेल्या पेल्याचे जे चित्र जागोजागी दिसते (खाली द्रव म्हणजे सक्रिय शक्ती, वर फेस म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर आणि संपूर्ण पेला म्हणजे अ‍ॅपरंट पॉवर) ते माझ्या मते फायद्यापेक्षा तोटाच अधिक करते. द्रव आणि फेस यांच्या उंचीची साधी बेरीज होते. तुमच्या मोटरचे १६१ आणि ४३१ मिळवले तर ५९२ होतात आणि पेला तर ४६० चाच आहे! प्रश्नातली २९९ ची वजाबाकी अशाच चित्रातून सुचते. त्यापेक्षा काटकोन त्रिकोण बरा : पाया सक्रिय शक्ती, उभी बाजू रिअ‍ॅक्टिव्ह आणि कर्ण अ‍ॅपरंट. तो निदान खोटे बोलत नाही.

दुसरी गोष्ट, ‘आभासी’ हा शब्द. तो मला कधीच रुचलेला नाही, कारण त्यातून असे वाटते की काहीतरी भासते आहे पण प्रत्यक्षात नाही. मोटरच्या तारेतून जाणारे २.० अँपिअर हीटरच्या २.० अँपिअरइतकेच खरे आहेत आणि ती तार दोन्ही वेळा सारखीच तापते. भास असलाच तर तो आपल्या गुणाकाराला वॉट समजण्यात आहे.

तिसरी गोष्ट चिन्हांविषयी. वेटोळे रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर ‘घेते’ आणि कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा घटक) ती ‘देतो’, अशी भाषा सर्वत्र वापरली जाते. तो संकेत आहे. प्रत्यक्षात दोघेही घेतात आणि दोघेही परत देतात; फरक वेळेचा असतो. वेटोळे ज्या ५ मिलिसेकंदांत ऊर्जा साठवत असते, नेमक्या त्याच वेळी समांतर जोडलेला कपॅसिटर ती सोडत असतो. ही मागे-पुढेची भानगड संमिश्र संख्यांनी हाताळण्याची जी रीत आज सर्वजण वापरतात ती चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी १८९३ मध्ये शिकागोच्या विद्युत परिषदेत मांडली. त्याआधी हेच हिशेब अवकल समीकरणांनी करावे लागत.

नवशिका५०

दोघांचेही आभार. प्रवाहाचे दोन भाग करण्याची कल्पना वाचल्यावर बरेच काही जागेवर बसले. ‘वेटोळे साठवते तेव्हा कपॅसिटर सोडतो’ हे वाक्य वाचून मोकळ्या मोटरच्या टोकांवर समांतर २० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला. आता वाचने अशी आहेत : मोटरच्या फांदीत २.० अँपिअर, कपॅसिटरच्या फांदीत १.४५ अँपिअर, आणि पुरवठ्याकडून येणाऱ्या मुख्य तारेत फक्त ०.८२ अँपिअर. वॉटमीटर १६१ वर ढिम्म.

दोन फांद्यांत मिळून ३.४५ अँपिअर आणि मुख्य तारेत त्याच्या पाव भागाहूनही कमी, हे किरचॉफच्या नियमात (जोडावर येणारे आणि जाणारे प्रवाह सारखेच असतात) कसे बसते? आणि एक गोष्ट थक्क करणारी वाटली : पुरवठा बंद करून, कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामा करून हात लावला तर तो अगदी थंड होता. त्याच्यावर ३३० च्या वर व्होल्ट-अँपिअर होते. तेवढ्या वॉटच्या हीटरला हात लावण्याची माझी हिंमत झाली नसती.

उत्तर : जुना वायंडर

मोटरी गुंडाळण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून या भागावर लिहितो.

किरचॉफचा नियम मोडलेला नाही. तो प्रत्येक क्षणाच्या प्रवाहाला लागू होतो, मीटरवरच्या आरएमएस आकड्यांना नाही. कोणत्याही एका क्षणी तिन्ही तारांतले प्रवाह मोजता आले तर त्यांची बेरीज चिन्हांसकट बिनचूक जुळेल. तुमच्या आकड्यांनीच पाहू. मोटरचा मागे राहणारा भाग १.८७ अँपिअर, कपॅसिटरचा प्रवाह पाव आवर्तन पुढे धावणारा, म्हणजे चिन्हाने विरुद्ध, १.४५ अँपिअर. दोहोंत उरतात सुमारे ०.४३. त्यात बरोबरीचे ०.७० काटकोनात मिळवा : ०.४९ अधिक ०.१८, वर्गमूळ ०.८२. तुमच्या अ‍ॅमीटरने हेच दाखवले आहे.

नीट पाहिले तर मोटरला कपॅसिटर आल्याची खबरही नाही. तिच्या गुंडाळीतून पूर्वीइतकेच २.० अँपिअर वाहत आहेत, तिचा वेग तोच आहे आणि तिचे तापणेही तेच. फरक पडला तो फक्त कपॅसिटर जोडलेल्या जागेच्या अलीकडच्या, म्हणजे पुरवठ्याच्या बाजूच्या तारेत. पूर्वी जी ऊर्जा थेट पुरवठ्यापर्यंत हेलपाटे घालत होती, ती आता मोटर आणि कपॅसिटर यांच्यातल्या हातभर तारेतच ये-जा करते. म्हणून कपॅसिटर मोटरच्या शक्य तितका जवळ बसवावा. मुख्य स्विचबोर्डवर बसवला तर बोर्ड ते मोटर ही तार आधीसारखाच बोजा वाहत राहते. वॉटमीटर ढिम्म राहिला हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. प्लगमध्ये खोचण्याचा एखादा डबा घरातला विजेचा खप निम्मा करतो, असे कोणी सांगू लागले की मी त्याला असाच वॉटमीटर लावून दाखवायला सांगतो. साधा ऊर्जामापक सक्रिय ऊर्जा मोजतो आणि ती कपॅसिटरने घटत नाही. घटते ती फक्त तारांमधली उष्णता, आणि घरातल्या आखूड तारांत ती मुळातच क्षुल्लक असते. लांब तारा आणि मोठे भार असतील तिथे गोष्ट वेगळी. तुमच्याच भारित मोटरला हा कपॅसिटर लावला तर मुख्य तारेतला प्रवाह ३.० वरून सुमारे २.२ वर येईल, पॉवर फॅक्टर ०.७० वरून ०.९५ होईल, आणि पुरवठ्याच्या तारेतली उष्णता जवळजवळ निम्म्यावर येईल.

कपॅसिटर थंड राहिला, कारण त्याच्यात ऊर्जा खर्च होत नाही, नुसती ठेवली आणि काढली जाते. तो गरम लागला असता तर काळजीचे कारण होते. गरम होणारा कपॅसिटर आतून खराब होत चाललेला असतो.

तुम्ही तो रिकामा करून मगच हात लावलात हे बरे केलेत, कारण पुरवठा नेमका शिखरावर तुटला तर त्याच्यावर ३२५ व्होल्ट तसेच बसून राहू शकतात. त्याच्या टोकांवर २२० किलोओहमचा एक रेझिस्टर कायमचा जोडून ठेवा. २० मायक्रोफॅरडसाठी कालांक (रोध गुणिले धारकता) ४.४ सेकंद येतो, म्हणजे २५ सेकंदांत कपॅसिटर जवळपास रिकामा होतो, आणि त्या रेझिस्टरमध्ये पाव वॉटही खर्च होत नाही. तो व्होल्टेज सोसणारा आणि एक वॉटचा घ्या, म्हणजे चिंता नको. कपॅसिटर एसीवर सतत चालण्यासाठी बनवलेला, ४४० व्होल्ट एसी असे छापलेला असावा. इलेक्ट्रोलायटिक जातीचा कपॅसिटर इथे चुकूनही लावू नका; तो फुटतो.

आणि हावरेपणा करू नका. मोकळ्या मोटरच्या ४३१ व्हीएआरपैकी तुमचा कपॅसिटर ३३२ भागवतो, हे प्रमाण ठीक आहे. इंडक्शन मोटरच्या टोकांवर कायमचा कपॅसिटर लावताना तो मोकळ्या अवस्थेतल्या चुंबकन प्रवाहाच्या (चुंबकीय क्षेत्र उभे करणाऱ्या, मागे राहणाऱ्या भागाच्या) ९० टक्क्यांच्या आत ठेवण्याचा प्रघात आहे. त्याहून मोठा लावला तर पुरवठा तोडल्यावरही फिरत्या रोटरच्या आणि कपॅसिटरच्या संगनमताने मोटर थोडा वेळ जनित्रासारखी वागू शकते, आणि टोकांवरचे व्होल्टेज मूळ पुरवठ्याहूनही वर चढू शकते.

दिवाभीत

याच धाग्यात एक शंका विचारतो. माझ्याकडे ९ वॉटचा एलईडी दिवा आहे. वॉटमीटर ९ वॉटच दाखवतो, पण प्रवाह ०.०७ अँपिअर, म्हणजे सुमारे १६ व्होल्ट-अँपिअर. पॉवर फॅक्टर ०.५६ आला. वरची चर्चा वाचून एक लहान कपॅसिटर समांतर जोडला तर प्रवाह कमी होण्याऐवजी वाढला. मग वेटोळे जोडून पाहिले. तरी मनासारखा फरक पडला नाही. हा दिवा कोणत्या प्रकारात बसतो?

उत्तर : तारतम्य

तो वरच्या त्रिकोणात बसतच नाही. पाठ्यपुस्तकांचा मला जो राग आहे तो याच जागेवर. पॉवर फॅक्टर म्हणजे दोन लहरींमधल्या कोनाचा कोसाइन, अशी व्याख्या करून ती मोकळी होतात. ही व्याख्या प्रवाह शुद्ध साइन लहरीचा असेल तेव्हाच खरी आहे. मूळ व्याख्या सोपी आणि सर्वत्र चालणारी आहे : सक्रिय शक्ती भागिले अ‍ॅपरंट पॉवर. त्यात कोन कुठेच नाही.

अशा दिव्यांत आत शिरताच सहसा एक डायोडचा पूल (एसी प्रवाहाला एकाच दिशेचा करणारी जोडणी) आणि त्यामागे एक इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर असतो. तो कपॅसिटर शिखराच्या जवळपास भरलेला असतो, त्यामुळे पुरवठ्याचे व्होल्टेज त्याच्याहून वर चढेल तेव्हाच आत प्रवाह शिरतो. परिणामी १० मिलिसेकंदांच्या अर्ध्या आवर्तनातला बहुतेक वेळ दिवा पुरवठ्याकडून काहीही घेत नाही आणि शिखराच्या आसपासच्या एकदोन मिलिसेकंदांत एकदम घोट घेतो. प्रवाहाची लहर गोलसर टेकडीसारखी न राहता टोकदार सुळक्यांची होते.

असा सुळका म्हणजे ५० हर्ट्‌झची एक साइन लहर आणि तिच्या जोडीला १५०, २५०, ३५० हर्ट्‌झ अशा लहरींचा जमाव. आता मुद्दा असा की सरासरी शक्ती फक्त समान वारंवारितेच्या व्होल्टेज आणि प्रवाहाच्या गुणाकारातून मिळते. ५० हर्ट्‌झच्या व्होल्टेजने १५० हर्ट्‌झच्या प्रवाहाला गुणले तर पूर्ण आवर्तनावरची सरासरी शून्य येते. पुरवठ्याचे व्होल्टेज जवळपास शुद्ध ५० हर्ट्‌झचे असल्यामुळे तुमचे ९ वॉट एकट्या ५० हर्ट्‌झच्या प्रवाहातून येतात. बाकीच्या लहरी आरएमएस प्रवाह फुगवतात, तार तापवतात आणि दिव्याला काही देत नाहीत.

तुमच्या दिव्यातला ५० हर्ट्‌झचा प्रवाह व्होल्टेजच्या फारसा मागेपुढे नाही. म्हणजे मागे राहणारा असा भाग तिथे जवळजवळ नाहीच. जे नाही ते भागवायला कपॅसिटर आणला, म्हणून त्याचाच प्रवाह वर जमा झाला. अशा प्रवाहाचा हिशेब करताना अ‍ॅपरंट पॉवरच्या वर्गात सक्रिय आणि रिअ‍ॅक्टिव्ह यांच्या वर्गांखेरीज तिसरा वर्ग मिळवावा लागतो आणि त्याला विकृती शक्ती म्हणतात. ही तीन भागांची मांडणी रुमानियाचे कॉन्स्टँटिन बुदेआनू यांनी १९२७ मध्ये केली. तिच्यातल्या रिअ‍ॅक्टिव्ह भागाच्या व्याख्येवर पुढे बरेच वाद झाले आणि आज आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या १४५९ क्रमांकाच्या मानकात ५० हर्ट्‌झचा मूळ भाग वेगळा काढून उरलेल्याचा वेगळा हिशेब करण्याची पद्धत दिलेली आहे. यावरचा उपाय दिव्याच्या आतच करावा लागतो : प्रवाहाला व्होल्टेजच्या आकाराप्रमाणे चालायला लावणारे सर्किट. मोठ्या वॉटच्या वीजपुरवठ्यांत ते बसवलेले असते.

शिवाय तुमच्या ०.०७ या आकड्यावर मी डोळे झाकून विश्वास ठेवणार नाही. साधा मल्टिमीटर एसी प्रवाहाची सरासरी मोजतो आणि तिला १.११ ने गुणून आरएमएस म्हणून दाखवतो. तो गुणक फक्त साइन लहरीसाठी खरा असतो. अशा टोकदार सुळक्यांवर तो मीटर कमी वाचतो. मीटरवर ट्रू आरएमएस असे लिहिलेले नसेल तर खरा प्रवाह याहून अधिक आणि खरा पॉवर फॅक्टर याहून वाईट असण्याची शक्यता आहे.

उत्तर : शून्यरेषा

विकृतीचा विषय निघालाच आहे तर थ्री फेजबद्दल दोन शब्द. समतोल थ्री फेज भारात प्रत्येक फेजची शक्ती स्वतंत्रपणे हेलकावत असली तरी तिन्हींची बेरीज प्रत्येक क्षणी स्थिर असते; म्हणून मोठ्या थ्री फेज मोटरचा जोर अखंड लागतो आणि सिंगल फेज मोटरमध्ये १०० हर्ट्‌झची ती ओळखीची घरघर येते. गंमत अशी की रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर असली तरी ही बेरीज स्थिरच राहते, म्हणजे तिथे एकूण ऊर्जा पुरवठ्याकडे परत जाताना दिसतच नाही. जी देवघेव होते ती फेजांच्या आपसात.

आणि दिवाभीत यांच्या दिव्यांसारखे बरेच दिवे तिन्ही फेजांवर सारखे वाटून जोडले, तर न्यूट्रलमध्ये प्रवाह शून्य होईल असे वाटते, पण होत नाही. १५० हर्ट्‌झच्या लहरी तिन्ही फेजांत एकाच वेळी चढतात, त्यामुळे न्यूट्रलमध्ये त्या एकमेकींना खोडून काढण्याऐवजी मिळतात. सुळके इतके अरुंद असतील की कोणत्याही दोन फेजांचे सुळके एकमेकांवर येत नाहीत, तर न्यूट्रलचा आरएमएस प्रवाह एका फेजच्या १.७३ पट होतो. बारीक न्यूट्रल अशा ठिकाणी जळते.

नवशिका५०

शेवटचा एक प्रयोग करून पाहिला. या वेळी स्विच लावण्यापूर्वी कागदावर हिशेब मांडला. कपॅसिटर काढून टाकला आणि तो सुरुवातीचा हीटर आणि मोकळी मोटर, दोन्ही एकाच मुख्य तारेवर घेतले. दोघेही वेगवेगळे २.० अँपिअर घेतात; आठवड्यापूर्वी मी विचार न करता ४ अँपिअर लिहिले असते. आता बरोबरीचे भाग २.० आणि ०.७० मिळून २.७० मांडले, मागे राहणारा भाग एकट्या मोटरचा १.८७, वर्ग ७.२९ आणि ३.५१, बेरीज १०.८, वर्गमूळ ३.२९. वॉट मात्र सरळ मिळवायचे, कारण सरासऱ्यांची बेरीज होते : ४६० अधिक १६१ म्हणजे ६२१.

अ‍ॅमीटर ३.३ वर थांबला. वॉटमीटरचा काटा ६२० आणि ६२५ च्या मध्ये आहे. त्याहून बारीक माझ्या मीटरवर वाचता येत नाही.